पातळी

माती घरात आणायची नाही,
एवढीच तिची अट होती.
फ्लॅट विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
हेही तिनंच ठरवलेलं.
लिफ्ट बंद पडली तरी चालेल, म्हणाली.

गावभागातल्या घरातून पाणी उतरलं नवव्या दिवशी.
पाणी गेलं, मळई राहिली.
शिलाई मशिनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनसकट.
डाळीच्या डब्यात, झाकण घट्ट असताना.
हार्मोनियमच्या भात्यात.
"मळई म्हणजे सोनं," कुणीतरी बोललं,
बहुतेक तिचाच भाऊ, अंकलखोपचा.
"मग ने की पोतं भरून," कुमुद म्हणाली
आणि उलथन्यानं देव्हारा खरवडत राहिली.
नखांतलं काळं दिवाळीपर्यंत गेलं नाही.

मी पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेला माणूस.
चौतीस वर्षं पंपाच्या आवाजात डुलकी काढलेली,
शांततेत झोप येईना.
शेवटी मिरजेहून चार इंची पाइप आणले,
ड्रिलनं भोकं पाडली, बारा-बारा.
माशांच्या टाकीचा इवलासा पंप,
जाळीचे कप, स्पंजचे तुकडे.
पालक, पुदिना, आणि कडेला ते लेट्यूस,
जे सून फोनवर मागते
आणि इथं कुणी खात नाही.

कुरिअरनं भाजलेल्या मातीच्या गोळ्या आल्या.
तिनं एक उचलून नाकाशी धरली.
"ही काय मग?"
म्हटलं, भाजलीय. तिचं आता काही चालत नाही.
"माझं तरी कुठं चालतंय," म्हणाली,
पण येऊ दिल्या आत.

समोरच्या मगदूमकाकू रोज डोकावतात.
चातुर्मासात त्यांना पालेभाजी नाही,
कंदमूळ तर जन्मात नाही.
तरी चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"माती नाही, खणणं नाही, किडामुंगी नाही,
मग तुमच्या पाण्यातला मुळा
कंदमुळात धरायचा का हो?"
मला काय कळतंय त्यातलं.
महाराजांना विचारते, म्हणाल्या होत्या.
अजून विचारलेलं नाही.
उत्तर नको असावं.

रात्री लाइट गेली की पंप थांबतो
आणि मुळं तासाभरात माना टाकतात.
मी तांब्या घेऊन उठतो,
पाइपाच्या तोंडाशी थोडं ओततो, थांबतो,
कपाकपाखालून सरकत जाणारा आवाज ऐकतो.
अख्ख्या वॉर्डाला पाणी सोडलं मी,
पहाटे पाच ते साडेसात,
आणि शिव्या खाल्ल्या त्या नावानिशी.
पालक काही बोलत नाही.
सकाळी ताठ असतो, एवढंच.

कप उचलून बघा एकदा मुळं.
पांढरीफेक, धुतल्यासारखी.
धरायला काही नाही, तरी खालीच जातात.
खाली काहीतरी आहे
हे कुणी सांगितलं असेल त्यांना?
कुमुद बघत नाही तिकडं.
पानं खुडते, कप जागेवर दाबते,
हात पदराला पुसते.

आज ऑगस्टची तेरा.
कोयनेतून सोडलंय.
टीव्हीवर सांगतायत, आयर्विन पुलापाशी अडतीस फूट.
गावभागातून जावेचा फोन येऊन गेला,
गाद्या माळ्यावर चढवतायत.
तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला
आणि गॅलरीत गेली.
वाटलं, नदीच्या अंगाला बघेल.
नदी काही इथून दिसत नाही.
तिनं टाकीचं झाकण काढलं,
आतल्या रेघेला बोटं लावली,
एक, आणि दुसरं अर्धं.
"दीड बोट कमी आहे," म्हणाली.
"लक्ष कुठं असतं तुमचं?"

मग माठातलं पाणी
तांब्यातांब्यानं ओतत राहिली,
रेघेपर्यंत.
रेघेच्या वर थेंब जाऊ दिला नाही.